गुडघ्याचा वास, मावशीचं नाक

मित्रांनो, मी एक जुनी विंटरग्रीन आहे. नर्सरीतल्या कामाच्या टेबलावर, डाव्या कोपऱ्यात, कड फुटलेल्या एका पसरट कुंडीत माझा मुक्काम असतो. उंची विचाराल तर चार बोटं. मी वर वाढत नाही, आडवी सरपटते, त्यामुळे बरीचशी माणसं मला बघण्याआधी माझ्यावर कोपर टेकवतात. पानं जाडसर आणि चकचकीत, नुकतं पॉलिश मारलेल्या बुटासारखी. उन्हाळ्यात पानांखाली इवल्या घंटांसारखी पांढरी फुलं लागतात आणि थंडीत लालभडक फळं धरतात. ती वसंतापर्यंत टिकतात, म्हणजे पाखरांनी टिकू दिली तर.

माझी खरी गंमत मात्र पानात आहे. नुसतं नाक खुपसून काही मिळायचं नाही. पान फाडायला लागतं, बोटांत चुरगळायला लागतं, मग वास सुटतो. आणि तो वास तुम्ही घेतलेला आहे. आजोबा गुडघ्याला जो बाम चोळतात ना, त्यातला तो थंड-गरम, नाकात शिरून डोळ्यांपर्यंत जाणारा वास माझा. पण माझी ओळख करून दिली की दहातले नऊजण म्हणतात, अरेच्चा, हा तर गुडघ्याचा वास. आता यांना कोण सांगणार, की गुडघ्याला माझा वास येतो, मला गुडघ्याचा नाही. पण नाव झालं गुडघ्याचं. जगात असंच चालतं.

माझ्या स्वतःच्या नावाचीही तीच तऱ्हा. फार पूर्वी, परक्या मुलखातल्या लोकांनी ठरवलं, की हिवाळ्यातही जी हिरवी राहील ती विंटरग्रीन. झालं. थंडीत ज्यांची म्हणून पानं गळली नाहीत, त्या सगळ्यांना तेच नाव चिकटलं. एक गोल पानांची आहे, लांब देठांची, फुलं मेणाची केल्यासारखी. तिचं माझं नातं फार लांबचं, आणि वास शून्य. दुसरीच्या पानांवर पांढरे पट्टे, तीही विंटरग्रीन. माझ्या सख्ख्या कुळात एक चुलत बहीण आहे, ती माणसाएवढी उंच वाढते, देखणी आहे, पण पान फाडलं तर साधं पान फाडल्यासारखंच वाटतं. डोंगरात राहणारी आणखी एक बहीण मात्र माझ्याहून वासाची. तिच्या पानांचं तेल काढतात. हल्ली बरंचसं तेल कारखान्यात आम्हाला न विचारताच तयार होतं, ते सोडा. शिवाय बागवाल्यांनी माझ्याच जातीत टपोऱ्या फळांची एक आणि पानांवर पांढरे शिंतोडे असलेली एक अशा दोघी निवडून वाढवल्या. त्या शिंतोडेवालीचा तोरा बघण्यासारखा असतो. शास्त्रातलं आमचं आडनाव कुणा एका डॉक्टरवरून ठेवलंय. त्यांची माझी भेट नाही. आणि एवढं सगळं नाव मिरवून, कडाक्याची थंडी पडली की माझी पानं हिरवी राहतच नाहीत, तांबूस होतात. सांगायचं कुणाला?

मला या कुंडीत लावलं मावशीनं.

मावशी नर्सरीत छत्तीस वर्षं आहे. मालक तिला मावशी म्हणतात, मालकांचे वडीलही मावशीच म्हणायचे. एका जुन्या विंटरग्रीनची जमिनीतून सरपटत गेलेली फांदी तिनं मुळासकट कापली आणि पाइनच्या झाडाखालच्या कुजलेल्या पानांत खोचली. ती फांदी म्हणजे मी. मला नळाचं पाणी चालत नाही. त्यातला चुना मला बाधतो, पानं पिवळी पडतात. म्हणून मावशी माझ्यासाठी पत्र्यावरून पडणारं पावसाचं पाणी बादलीत धरून ठेवते. त्या बादलीत कुणी हात धुतले तर मावशी त्या माणसाशी दोन दिवस बोलत नाही. एकदा मालकांनी धुतले होते. त्यांच्याशी तीन दिवस बोलली नाही, मालक आहेत म्हणून एक दिवस जास्त.

पण मावशीची खरी ख्याती नाकाची. पुदिन्याच्या नऊ जाती ती डोळे मिटून सांगायची. कुठल्या ट्रेमध्ये मूळ कुजायला लागलंय हे तिला दारातूनच कळायचं. गिऱ्हाईक वाद घालायला लागलं की मालक म्हणायचे, मावशीचं नाक म्हणजे आमच्या नर्सरीची मोहर. आणि मावशी त्यावर मान खाली घालून माती चाळत राहायची, पण कान टवकारलेले असायचे. माझ्या अंगाखांद्यावरून तिनं शेकडो रोपं केली. प्रत्येक ट्रेमधलं एक पान फाडायचं, नाकाशी न्यायचं, आणि ‘हं’ म्हणायचं. ते ‘हं’ मिळालं की रोप विकायला मोकळं.

मग एका थंडीत मावशीला ताप आला. आठ दिवस ती आली नाही. नवव्या दिवशी आली ती आधी माझ्याकडे. पान फाडलं, नाकाशी धरलं. दुसरं फाडलं. तिसरं. एरवी पानाला इतकं जपणारी बाई, तिनं माझी अकरा पानं फाडली. माझ्या वासानं टेबलाचा कोपरा भरून गेला होता. कोळ्यानंसुद्धा जाळ्यातली जागा बदलली. आणि मावशी उलट्या घातलेल्या कुंडीवर बसून रिकाम्या हवेकडे बघत होती.

तिनं कुणाला सांगितलं नाही. नाक गेलेली मावशी मालकांच्या काय कामाची, असं तिच्या मनानं घेतलं. खरं सांगू का, मालकांचं तिला तेवढं भय नव्हतं. ते ‘हं’ म्हटल्याशिवाय ती स्वतःच स्वतःला कुणी वाटत नव्हती. सांगितलं फक्त नवऱ्याला. काका पोस्टमन होते, तीस वर्षं जिने चढून-उतरून गुडघे झिजवले आणि रिटायर झाले. मोठा दिलदार माणूस. ऐकून म्हणाले, एका अर्थी बरंच झालं, माझ्या मोज्यांवरून बोलणी खायची तरी थांबतील. मावशी हसली नाही. तेव्हा काका घाबरले. त्या दिवशी त्यांनी मोजे स्वतःहून धुतले. (हे सगळं मला कसं कळलं? मावशी रोपं लावताना माझ्याशी बोलते. तिला वाटतं मी ऐकत नाही.)

तीन-चार महिने तिनं अंदाजावर निभावलं. जुन्या पाट्यांवर तिच्याच हातचं अक्षर होतं, ट्रे वर्षानुवर्षं ठरल्या जागी असायचे. पान फाडायचं, ‘हं’ म्हणायचं, पाटी बघायची. कुणाला पत्ता लागला नाही.

आणि मग मालकांना हौस आली.

आमचे मालक वर्षातून एकदा काम करतात, आणि मग ते निस्तरायला बाकीचं वर्ष लागतं. यंदा त्यांनी छापील पाट्या करायच्या ठरवल्या. छापखान्याला यादी दिली, ‘विंटरग्रीन, सरपटणारी’, ‘विंटरग्रीन, उंच’, ‘विंटरग्रीन, गोल पानांची’. छापखानावाल्यानं विचार केला, पाटी एवढीशी, मजकूर एवढा, कशाला गर्दी? त्यानं सगळ्यांवर झोकदार अक्षरात एकच शब्द छापला, विंटरग्रीन. ते अक्षर बघून मालक असे खूश झाले, की मावशी जेवायला गेलेली असताना त्यांनी बाह्या सरसावल्या, जुन्या पाट्या उपटल्या, शेकोटीत घातल्या आणि नव्या खोचल्या. तेवढ्यावर थांबते तर मालक कसले? जाता जाता त्यांनी रोपं उचलून ट्रे सारखे दहा-दहांचे भरले आणि रंगाप्रमाणे लावले. निळे खिडकीपाशी, काळे भिंतीपाशी. छान दिसत होतं. बारा ट्रेमध्ये एकशेवीस रोपं, बोटभर उंच, तीन-तीन पानांची, सगळी एकाच नावाची. त्यातली खरी माझी लेकरं कुठली, हे मलासुद्धा लांबून सांगता येईना. रोपं मोठी झाल्यावर ओळखायला अवघड नसतात, पण या वयात सगळी बाळं सारखीच दिसतात.

मावशी परत आली, तिनं ते बघितलं, आणि हातातला डबा टेबलावर न ठेवता बराच वेळ तशीच उभी राहिली.

त्यातच चाळीस रोपांची मागणी आलेली. शहरातल्या अंध मुलांच्या शाळेत वासांची बाग करायची होती. वाटेच्या कडेला कमरेएवढ्या उंचीचा वाफा, मुलं चालता चालता पान चुरगळणार आणि झाड ओळखणार. शाळेच्या मास्तरांनी कळवलं होतं, की विंटरग्रीन खरीच हवी, मी स्वतः न्यायला येईन. मावशीनं ती चिठ्ठी माझ्यासमोर दोनदा वाचली. चुकीचं रोप दुसऱ्या कुठल्या बागेत गेलं असतं तर हिरवळ म्हणून खपून गेलं असतं. इथं मुलं पान फाडणार, नाकाशी नेणार, आणि काहीच येणार नाही. तेव्हा माणसाला काय होतं ते मावशीला चांगलं ठाऊक होतं.

तिनं काकांना रविवारी बोलावलं. मालक नसतात, नर्सरी बंद.

“तुम्ही फक्त वास घ्यायचा. हो किंवा नाही, एवढंच म्हणायचं,” मावशी म्हणाली.

“एवढ्यासाठी बोलावलंस होय? फोनवर सांगितलं असतं.”

काकांना स्टुलावर बसवलं. बसताना ते कण्हले, खिशातून डबी काढली, दोन्ही गुडघ्यांना बाम चोळला, बोटं मिशीला पुसली आणि म्हणाले, आण.

मित्रांनो, तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या तर तत्क्षणी आलं. पण मला ओरडता येत नाही.

पहिल्या रोपाचं पान मावशीनं नाकाशी धरलं. काका म्हणाले, हो. दुसऱ्याचं, हो. तिसऱ्याचं, अगदी हो. माझ्या उंच बहिणीचं पोर आलं, हो. गोल पानाचं आलं, तर म्हणाले, हे जरा जास्तच हो. वीस वर्षं ज्याच्या मिशीत विंटरग्रीन वस्तीला आहे, त्याला सारी सृष्टी विंटरग्रीनच वाटणार. एकशेवीस पानं फाडली, एकशेवीस वेळा हो. मधे त्यांनी दोनदा आणखी बाम चोळला. शेवटी चहा प्यायले तेव्हा चहालाही तोच वास येतोय असं त्यांचं म्हणणं पडलं, पण मावशीनं ते चहाला नावं ठेवण्याची जुनी सवय म्हणून सोडून दिलं. तिचा चेहरा कित्येक महिन्यांत पहिल्यांदा सैल झाला होता. एकही रोप चुकलं नाही, म्हणत तिनं हाताशी लागलेली चाळीस रोपं वेगळी काढली आणि त्यांना माझ्या बादलीतलं पाणी घातलं.

बुधवारी मास्तर आले. किडकिडीत, टापटीप, आणि स्वभावानं लिंबासारखे. त्यांना स्वतःला दिसत नव्हतं. मालकांनी धावत जाऊन त्यांचा दंड धरला, तर ते म्हणाले, मला चालता येतं, दंड तुमच्याजवळ ठेवायचा असेल तर मात्र मी थांबतो. मालकांनी हात मागे घेतला आणि नर्सरीचं कौतुक सुरू केलं. काका गाडीत ट्रे चढवायला म्हणून आले होते, ते दारात उभे होते. मावशी माझ्या शेजारी.

मास्तरांनी पहिल्या रोपाचं पान फाडलं. हुंगलं. दुसऱ्याचं फाडलं. मग तिसऱ्याचं.

“हे काय आहे?” त्यांनी विचारलं.

मालक म्हणाले, विंटरग्रीन, ही काय पाटी.

“पाटी मला वाचता येत नाही. पानं वाचतो. या पानात काही लिहिलेलं नाही.”

मालक हसले, मग हसायचे थांबले. मास्तर एकेक पान फाडत गेले. चाळीसातली तेरा खरी निघाली, बाकीची मुकी. मालकांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी मावशीकडे बघितलं, आणि मित्रांनो, इथं त्यांचं मन फार चांगलं आहे हे मला कबूल करायलाच हवं, कारण मावशीवर संशय घ्यायचं त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. मावशीचं नाक चुकेल हे त्यांना सूर्य पश्चिमेला उगवण्यासारखं होतं. मग दोष कुणाचा? त्यांची नजर टेबलावरून फिरत फिरत माझ्यावर आली.

म्हणाले, हीच. ही कुंडी किती वर्षांची आहे? म्हातारी झाली, वास गेला हिचा, हिची रोपं अशीच निघणार. आणि त्यांनी मला उचललं. टेबलाखाली पालापाचोळ्याची टोपली होती. मी तिच्यावर अधांतरी. खाली मागच्या आठवड्यातली एक शिंतोडेवाली पडली होती, तिचा सगळा तोरा उतरलेला. मालक मावशीला म्हणाले, “म्हातारं झाडच ते, नाही का मावशी?”

तिनं नुसती मान हलवायची होती. कुणी काही विचारलं नसतं. मास्तरांना तेरा रोपं मिळाली असती, बाकीची पुढच्या महिन्यात. छापखाना होता, बिनबोलती मी होते, दोष द्यायला जागाच जागा होती. आणि मी तर वर्षानुवर्षं तिच्याच हातची. मी तिला काय बोलणार?

मावशीनं पुढे होऊन मालकांच्या हातातून मला काढून घेतलं. घट्ट. फुटलेली कड तिच्या तळव्यात रुतली असणार.

“झाडाचा वास गेलेला नाही,” ती म्हणाली. “माझं नाक गेलंय. तापापासून मला कसलाच वास येत नाही.”

मग दारातून काका मोठ्या हिरिरीनं म्हणाले, तिचा काही दोष नाही, वास मी घेतला होता, सगळी बरोबर होती. मास्तरांनी मान त्या दिशेला वळवली आणि विचारलं, दारात जे कुणी उभे आहेत, त्यांनी गुडघ्याला काय लावलंय?

काकांनी अभिमानानं बामचं नाव सांगितलं. सांगता सांगताच त्यांचा आवाज बारीक होत गेला. त्यांनी बोटं मिशीपाशी नेली, थांबले, बोटांकडे बघितलं. मग मास्तर हसले. लिंबाला कधी हसताना बघितलंत? तसे. मालकांनाही आवरेना. मावशी एकटी हसत नव्हती. मला छातीशी धरून, कुणीतरी शिक्षा सांगेल म्हणून उभी होती.

“किती महिने झाले?” मालकांनी विचारलं.

“पाच.”

“आणि पाच महिने तुम्ही हे एकट्यानं काढलंत?” मालक म्हणाले. मग त्यांनी पाचोळ्याची टोपली पायानं टेबलाखाली आत लोटली. त्यांना त्या वेळी दुसरं काही सुचलं नसावं.

पुढचं सगळं गोडगोड झालं असं मी म्हणणार नाही. त्या दुपारी मास्तरांनी एकशेवीस रोपं नाकानं निवडली. खरी निघाली सत्तेचाळीस. निवडता निवडता ते मावशीला बोलत होते, की इतकी वर्षं काम करून तुम्हाला या पानाचा काठ माहीत नाही? बोट फिरवा. खऱ्या पानाच्या काठाला बारीक दाते आहेत, केसाएवढे. गोलवालीचा देठ बघा किती लांब. उंचवालीच्या दांडीला लव आहे. मावशीला आधी राग आला. छत्तीस वर्षं काम केलेल्या माणसाला असं कुणी बोलतं? मग तिनं चष्मा वर सारला आणि डोळे मिटून बोट फिरवलं. सुरुवातीची पाच चुकली. सहावं बरोबर आलं. तेव्हा तिच्या तोंडून नकळत ‘हं’ निघालं, आणि काकांनी तोंड फिरवून नाक शिंकरलं.

मावशीचं नाक अजून आलेलं नाही. डॉक्टर म्हणतात येईल, कधी ते सांगत नाहीत. पुदिन्यात ती अजून गोंधळते आणि तसं सरळ सांगून टाकते. मालकांनी छापील पाट्या काढल्या नाहीत, अक्षर चांगलं आहे म्हणाले, पण प्रत्येक पाटीच्या मागे मावशीनं आपल्या हातानं खरं नाव लिहिलंय. काकांना टेबलाच्या दहा हातांत यायची बंदी आहे. ते लांबून हात हलवतात.

तर मित्रांनो, मला लावलंत तर सावलीत लावा, पावसाचं पाणी द्या, पान उगाच ओरबाडू नका. वास हवा असेल तर एकच फाडा, मी पुरेशी आहे. माझं तेल चोळायचं असतं, प्यायचं नसतं, आणि चोळल्यावर हात साबणानं धुवायचे असतात. हे शेवटचं काकांच्या वतीनं सांगतेय.

आणि घरातलं एखादं जुनं झाड, जुनी वस्तू, जुनं माणूस आता पहिल्यासारखं राहिलं नाही असं वाटलं, तर टोपलीपर्यंत नेण्याआधी एकदा आपलं नाक तपासा. तपासायला लाज वाटेल, मावशीलाही वाटली होती. तिचं म्हणणं आहे, लाज जेमतेम दोन मिनिटं टिकते. झाड मात्र नीट जपलं तर खूप वर्षं टिकतं.